सँडविचवाला विरुद्ध ११० मजले

‘कर्टसी सँडविच शॉप विरुद्ध पोर्ट ऑफ न्यूयॉर्क ऑथॉरिटी’ हे १९६३ सालच्या एका खटल्याचं नाव. एका बाजूला मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाकडचं एक सँडविचचं दुकान आणि त्याच्यासोबत उभे राहिलेले आसपासचे दुकानदार. दुसऱ्या बाजूला न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी या दोन राज्यांनी मिळून काढलेली, पूल, बोगदे, गोद्या आणि विमानतळ चालवणारी बलाढ्य संस्था. भांडण जागेचं. त्याच जागेवर पुढे जगातली सर्वांत उंच इमारत, खरं तर जोडइमारत, उभी राहिली. वर्ल्ड ट्रेड सेंटर.

आपल्याला ते दोन मनोरे आठवतात ते ११ सप्टेंबर २००१चे. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळ होती आणि घरोघरी टीव्हीवर तेच दृश्य पुन्हा पुन्हा दिसत होतं. त्या दृश्याने आधीचं बरंच काही पुसून टाकलं. हे मनोरे उभे राहत होते तेव्हा न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या नावाने बोटं मोडणारे कमी नव्हते. दुकानदार, टीव्ही बघणारे, वास्तुसमीक्षक, पक्षीअभ्यासक, आणि एम्पायर स्टेट बिल्डिंगचे मालकसुद्धा.

‘उंच इमारतीला लोकांचा विरोध’ असं आपण एका दमात म्हणून टाकतो. पण जवळ जाऊन पाहिलं तर नुसत्या उंचीवर चिडलेलं माणूस सापडणं कठीण. कुणाच्या पायाखालची जमीन जाते, कुणाच्या घरातलं चित्र बिघडतं, कुणाचा भाडेकरू पळतो. आणि कुठल्या तक्रारीवर तोडगा निघाला, कुठली केराच्या टोपलीत गेली, हे तक्रार किती खरी यापेक्षा तक्रार कुणाची यावर ठरत गेलं. निदान या इमारतीच्या बाबतीत मला तरी तसंच दिसतं.

आधी ही इमारत तिथे का, ते बघू. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या कंपन्या मॅनहॅटनचं जुनं दक्षिण टोक सोडून शहराच्या मध्याकडे सरकू लागल्या होत्या. चेस मॅनहॅटन बँकेचे डेव्हिड रॉकफेलर यांनी मात्र बँकेचं ६० मजली मुख्यालय दक्षिणेलाच बांधायला घेतलं होतं. आजूबाजूचा भाग ओस पडला तर त्या गुंतवणुकीचं काय? म्हणून तिथे जागतिक व्यापाराचं मोठं केंद्र व्हावं, ही कल्पना पुढे आली. डेव्हिड यांचे भाऊ नेल्सन रॉकफेलर तेव्हा न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर होते, त्यामुळे कल्पनेला बळ मिळायला वेळ लागला नाही.

मूळ जागा होती पूर्वेच्या नदीकाठी. पण पोर्ट ऑथॉरिटी दोन राज्यांची, आणि न्यू जर्सीवाल्यांनी विचारलं, यात आमचं काय? त्यांच्या नोकरदारांना मॅनहॅटनमध्ये आणणारी एक रेल्वे कंपनी दिवाळखोरीत निघाली होती. सौदा असा ठरला की पोर्ट ऑथॉरिटीने ती रेल्वे ताब्यात घेऊन चालवायची आणि व्यापार केंद्र पश्चिमेला, त्या रेल्वेच्या स्टेशनापाशी बांधायचं. १९६२ साली दोन्ही राज्यांनी तसा कायदा केला. नकाशावरचा चौकोन बेटाच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर सरकला आणि तिथल्या तीनशेहून जास्त दुकानांचं नशीब फिरलं. त्यांचा या सौद्याशी काडीचाही संबंध नव्हता.

त्या भागाला लोक ‘रेडिओ रो’ म्हणत. कोर्टलँड स्ट्रीट आणि आसपासच्या गल्ल्यांमध्ये १९२०च्या दशकापासून रेडिओच्या दुकानांची रांगच लागली होती. मुंबईकराने लॅमिंग्टन रोड डोळ्यांसमोर आणावा. फूटपाथवर मांडलेल्या पेट्यांमध्ये व्हॉल्व, कॉइल, नॉब, युद्धानंतर लष्कराने मोडीत काढलेली उपकरणं. त्यात हात घालून हवा तो सुटा भाग शोधणारे हौशी लोक. आणि तुमच्या हातातला भाग बघूनच ‘हा नाही, त्याच्या शेजारचा घ्या’ असं सांगणारा दुकानदार. असा बाजार उठवून दुसरीकडे नेता येत नाही. एकेक दुकान हलवता येतं, पण गिऱ्हाईक येतं ते रांगेसाठी. एका दुकानात नाही मिळालं तर शेजारी मिळेल, या भरवशावर.

दुकानदारांनी मोर्चे काढले. ‘छोटा व्यापारी’ मेला म्हणून त्याची खोटी प्रेतयात्राही काढली, खांद्यावर शवपेटी घेऊन. आणि कोर्टात गेले.

कोर्टातला मुद्दा आपल्यालाही ओळखीचा आहे. सरकार खासगी जमीन सक्तीने घेऊ शकतं, पण सार्वजनिक कामासाठी. रस्ता, धरण, शाळा ठीक. कचेऱ्या बांधून त्या भाड्याने देणं हे सार्वजनिक काम कसं? एकाची जागा काढून घ्यायची आणि दुसऱ्याला भाड्याने द्यायची, तर मग सरकार आणि बिल्डर यांत फरक काय राहिला? १९६३च्या फेब्रुवारीत एका कोर्टाने दुकानदारांच्या बाजूने कौल दिला. त्यांचा आनंद दोनच महिने टिकला. एप्रिलमध्ये राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. बंदरातून चालणारा व्यापार वाढवणं हे सार्वजनिक हिताचं आहे आणि त्यासाठी त्या व्यापाराशी संबंधित सगळे एका ठिकाणी आणणं हेही त्याच हिताचं, असं त्यांचं म्हणणं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वर्षअखेरीस अपील फेटाळलं.

भरपाईचा हिशोब तर आणखी बोचरा. जमीन गेली की पैसे जमीनमालकाला मिळतात. इथले बहुतेक दुकानदार भाडेकरू. वीस-तीस वर्षांत जमवलेलं गिऱ्हाईक, दुकानाचं नाव, याला कायद्याच्या लेखी किंमत नव्हती. दर दुकानामागे ३ हजार डॉलर, हलण्याचा खर्च म्हणून. १९६६ साली पाडकाम सुरू झालं.

गंमत म्हणजे हा खटला चालू होता तेव्हा ‘जगातली सर्वांत उंच’ असं काही जाहीरच झालेलं नव्हतं. पोर्ट ऑथॉरिटीच्या आत मात्र ती कल्पना आधीपासून घोळत होती. प्रसिद्धीचं काम बघणाऱ्या ली जॅफी यांनी सुरुवातीलाच सुचवलं होतं, की एवढं मोठं बांधणारच आहात तर जगातली सर्वांत उंच इमारत का बांधत नाही? म्हणजे विक्रमाची सूचना इंजिनिअरकडून आली नाही, जागेच्या टंचाईतूनही आली नाही. ती प्रसिद्धी विभागातून आली. जगभरच्या बऱ्याच विक्रमी इमारतींची जन्मकथा खरवडली तर तळाशी असंच काहीतरी सापडेल असा मला दाट संशय आहे.

१९६४च्या जानेवारीत वास्तुविशारद मिनोरू यामासाकी यांनी केलेला नमुना लोकांसमोर ठेवला गेला. दोन चौकोनी मनोरे, प्रत्येकी ११० मजले, उंची ४१७ आणि ४१५ मीटर. एम्पायर स्टेट बिल्डिंग १९३१पासून ३८१ मीटरवर निवांत होती. यामासाकींना स्वतःला उंचीची भीती वाटायची, म्हणून त्यांनी खिडक्या जेमतेम खांद्याएवढ्या रुंद ठेवल्या. बाहेर वाकून पाहणाऱ्याला दोन्ही बाजूंना पोलादाचा आधार वाटावा.

त्या अरुंद खिडक्यांमागे रचनेचंही कारण होतं. जुन्या गगनचुंबी इमारतींत खांबांची जाळी आतपर्यंत पसरलेली असते, दर काही फुटांवर एक खांब. इथे इमारतीची बाहेरची भिंत हाच सांगाडा होता. मनोऱ्याच्या एकेका बाजूला ५९ खांब, एकमेकांपासून मीटरभर अंतरावर. बांबू आतून पोकळ असूनही वाऱ्याला दाद देत नाही, कारण त्याची ताकद कडेला असते. तसंच हे. मधोमध लिफ्ट आणि जिन्यांचा गाभा, बाहेर ही पोलादी नळी, आणि दोन्हींच्या मध्ये एकही खांब नसलेली मोकळी कचेरी.

दुसरी अडचण लिफ्टची. मजले वाढले की माणसं वाढतात, माणसं वाढली की लिफ्ट वाढवाव्या लागतात, आणि प्रत्येक लिफ्टचं भोक तळापासून वरपर्यंत प्रत्येक मजल्याचा तुकडा खातं. एका उंचीनंतर खालचे मजले म्हणजे नुसती भोकंच उरतात. तोडगा लोकल गाड्यांच्या धर्तीवर काढला गेला. ४४ आणि ७८ हे मजले मोठी स्टेशनं. तिथपर्यंत फास्ट लिफ्ट, तिथे उतरून पुढच्या मजल्यांसाठी स्लो लिफ्ट. त्यामुळे एकाच भोकात एकावर एक तीन स्लो लिफ्ट धावू शकल्या आणि मजल्याची सुमारे ७५ टक्के जागा भाड्याने देण्याजोगी राहिली. उंचीचा विक्रम आणि भाड्याचा हिशोब यांचं लग्न जुळवलं ते या लिफ्टने.

उरला वारा. इतकी उंच आणि तुलनेने हलकी इमारत वाऱ्यात डुलणार हे नक्की होतं. पडणार नाही, हे गणिताने सिद्ध करता येत होतं. पण ९०व्या मजल्यावर टाइप करत बसलेल्या माणसाला किती डुललेलं चालेल? याचं उत्तर तेव्हा कुणाकडेच नव्हतं. ते शोधायला काढलेली युक्ती या सगळ्या कहाणीतली मला सर्वांत विलक्षण वाटते.

१९६५ साली न्यूयॉर्कपासून हजारो किलोमीटर दूर, ओरेगन राज्यातल्या यूजीन या गावात, ‘डोळ्यांची तपासणी मोफत’ अशी जाहिरात झळकली. लोक आले. खोलीत त्यांना उभं करून भिंतीवर त्रिकोण दाखवले जात आणि त्यांच्या उंचीचा अंदाज विचारला जाई. तपासणी खरीच होती म्हणे. पण ती खोली चाकांवर होती आणि खाली लाकूड कापायच्या गिरणीत वापरतात तशी हायड्रॉलिक यंत्रणा बसवलेली होती. माणूस त्रिकोण बघण्यात गुंतला की खोली हळूहळू मागेपुढे सरकायला लागे. कुणाला घेरी आल्यासारखं झालं, कुणाला बोटीत बसल्यासारखं. मानसशास्त्रज्ञ पॉल हॉफमन बाजूला नोंद घेत बसलेले: कितव्या इंचाला हा माणूस अस्वस्थ झाला?

निष्कर्ष इंजिनिअरांना न आवडणारा होता. धरून चाललं होतं त्यापेक्षा कितीतरी कमी हालचाल माणसाला जाणवते. इमारतीचे रचनाकार लेस्ली रॉबर्टसन यांच्या चमूने मग प्रत्येक मनोऱ्यात सुमारे १० हजार दाबक बसवले. पोलादाच्या पट्ट्यांमध्ये रबरासारखा चिकट थर. इमारत हलली की तो ताणला जातो, हालचालीची ऊर्जा उष्णतेत जिरवतो आणि झोका मंदावतो. लोकांची प्रतिक्रिया आधीच मोजून, तीही लोकांना न सांगता, इमारतीत गिलाव्यासारखी लिंपून टाकण्याचा हा प्रकार. आज असा प्रयोग करायचा तर आधी संमतीपत्रावर सही लागेल.

मनोरे चढायला लागले तशी वेगळीच ओरड सुरू झाली. टीव्हीवर भुतं दिसू लागतील!

आमच्या पिढीला हे समजावून सांगायला नको. भाऊ गच्चीवर अँटेना धरून, मी खिडकीत, आई टीव्हीसमोर. ‘आलं का?’ ‘नाही, अजून मुंग्याच.’ ‘आता?’ ‘दोन दोन माणसं दिसतायत!’ ही दोन दोन माणसं म्हणजेच ते भूत. न्यूयॉर्कचं टीव्ही प्रक्षेपण एम्पायर स्टेटच्या माथ्यावरून व्हायचं. त्या लहरी सरळ रेषेत जातात. वाटेत पोलादाचा अजस्र मनोरा आला की पलीकडच्या घरांवर त्याची सावली पडते, आणि बाकीच्यांच्या घरी दोन चित्रं येतात, एक थेट आणि एक मनोऱ्यावर आपटून लांबच्या वाटेने. लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. म्हणजे किलोमीटरभर वळसा घालून आलेली प्रत सव्वातीन मायक्रोसेकंद उशिरा पोचते. आणि जुन्या टीव्हीत चित्राची एक ओळ डावीकडून उजवीकडे रेखायला पन्नासेक मायक्रोसेकंदच लागायचे. अर्ध्या मीटरच्या पडद्यावर निवेदिकेच्या उजवीकडे तीन सेंटिमीटरवर तिचंच फिकट भूत उभं.

या तक्रारीला मात्र उत्तर मिळालं. पोर्ट ऑथॉरिटीने टीव्ही कंपन्यांना नव्या मनोऱ्याच्या माथ्यावर जागा देऊ केली, आणि पुढे उत्तर मनोऱ्यावर सुमारे ११० मीटरचा अँटेना उभा राहिला. लाखो घरांतला प्रेक्षक आणि त्याच्यामागे उभ्या प्रक्षेपण कंपन्या यांच्याशी कोण वैर घेणार? शिकागोत सिअर्स टॉवर उभा राहत असताना उपनगरांतून हीच तक्रार आली. तिथे ती कोर्टात गेली आणि १९७२ साली इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की शेजाऱ्याच्या टीव्हीवर चित्र नीट यावं म्हणून कुणाला स्वतःच्या जमिनीवर बांधण्यापासून अडवता येणार नाही.

विरोधकांत एक मोठं नावही होतं. एम्पायर स्टेट ज्यांच्या ताब्यात होती ते लॉरेन्स वीन. त्यांनी या प्रकल्पाला ‘वाजवी’ आकारात आणण्यासाठी समितीच काढली. एवढ्या कचेऱ्या एकदम बाजारात आल्या तर सगळ्यांची भाडी कोसळतील, हे त्यांचं खरं दुखणं. सर्वांत उंच हा मानही जाणार होताच. पण २ मे १९६८च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये त्यांच्या समितीने पानभर जाहिरात दिली ती वेगळ्याच मुद्द्यावर. चित्रात उत्तर मनोऱ्याच्या दिशेने येणारं प्रवासी विमान. १९४५ साली धुक्यात एक लष्करी विमान एम्पायर स्टेटवरच आदळून १४ माणसं गेली होती, तेव्हा भीती हवेतून काढलेली नव्हती. तरी लोकांनी ती धंद्यातल्या स्पर्धकाची आदळआपट म्हणून सोडून दिली. आज ते चित्र बघताना अंगावर काटा येतो, पण वीन यांना भविष्य दिसलं होतं असं म्हणणं खोटं ठरेल. त्यांना अपघात दिसत होता.

समीक्षकांनी तर पिसं काढली. एडा लुईस हक्स्टेबल यांनी १९६६ सालीच लिहून ठेवलं होतं, की यातून गगनचुंबी इमारतींचं नवं युग सुरू होईल किंवा ही जगातली सर्वांत मोठी थडगी ठरतील. सगळं पुरं झाल्यावर त्यांनी त्या अरुंद खिडक्यांनाही सोडलं नाही. एवढ्या उंचीवर जायचं आणि बाहेरचं नीट दिसू नये? रस्त्यावरच्या न्यूयॉर्ककराची भाषा सोपी होती: एम्पायर स्टेट आणि क्रायस्लर बिल्डिंग ज्या खोक्यांतून आल्या, ती खोकी इथे ठेवलीत. समीक्षकांच्या टीकेने एक खिळाही हलला नाही. पक्षीअभ्यासकांनी स्थलांतर करणारे पक्षी मनोऱ्यांवर आपटतील असा इशारा दिला होता, त्याचंही तेच झालं.

काम चालू असताना बघ्यांची गर्दी मात्र कायम. नदीचं पाणी आत येऊ नये म्हणून आधी चारही बाजूंनी जमिनीत खोल काँक्रीटची भिंत घातली आणि मग आतली माती उपसली. कामगार त्या खड्ड्याला ‘बाथटब’ म्हणत. त्यातून रेल्वेचे जुने बोगदे उघडे पडले, आणि त्यांना आधार देऊन गाड्या चालूच ठेवल्या. उपसलेली माती नदीत टाकून २३ एकर नवी जमीन तयार झाली. १९७०च्या ऑक्टोबरमध्ये उत्तर मनोऱ्याने एम्पायर स्टेटला मागे टाकलं.

४ एप्रिल १९७३ला उद्घाटन झालं. आणि ३ मे १९७३ला शिकागोत सिअर्स टॉवरची शेवटची तुळई चढली, ४४२ मीटरवर. त्या टॉवरचे रचनाकार फजलूर रहमान खान, मूळचे ढाक्याकडचे. ज्या विक्रमासाठी एवढा आटापिटा केला, तो उद्घाटनाचे हार सुकण्याआधीच गेला. इकडे कचेऱ्यांना गिऱ्हाईक मिळेना. गव्हर्नर रॉकफेलर यांच्या राज्य सरकारने कित्येक मजले घेतले म्हणून दिवे तरी लागले.

लोकांचं मन फिरलं ते भलत्याच माणसांमुळे. ७ ऑगस्ट १९७४च्या सकाळी फिलिप पेटी हा २४ वर्षांचा फ्रेंच डोंबारी दोन मनोऱ्यांच्या मध्ये बांधलेल्या तारेवर चालायला लागला. परवानगी कुणाची नाही. रात्री साथीदारांबरोबर लपून वर गेला, धनुष्यबाणाने दोरा पलीकडे सोडला, दोऱ्यामागे दोरखंड, दोरखंडामागे पोलादी तार. ४०० मीटर खाली कामावर निघालेली माणसं माना वर करून थबकली. पाऊण तास तो येरझारा घालत होता. तारेवर बसला, आडवा झाला. पोलीस दोन्ही गच्च्यांवर हात चोळत उभे. पकडल्यावर त्याला शिक्षा झाली ती सेंट्रल पार्कमध्ये मुलांसाठी फुकट खेळ करून दाखवण्याची, आणि पोर्ट ऑथॉरिटीने त्याला प्रेक्षक-गच्चीचा कायमचा पास दिला. कुणाला न आवडणारी ती दोन खोकी त्या दिवशी पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगी पडली होती.

तीन वर्षांनी, २६ मे १९७७ला, क्वीन्समध्ये राहणारा जॉर्ज विलिग दक्षिण मनोरा बाहेरून चढून गेला. भिंतीवर खिडक्या पुसणाऱ्या पाळण्यासाठी खाचा होत्या, त्यांत बसतील अशा कड्या त्याने स्वतः घडवल्या होत्या. साडेतीन तास लागले. शहराने त्याच्यावर अडीच लाख डॉलरचा दावा ठोकला. पण तोवर सगळं न्यूयॉर्क त्याच्या बाजूने झालं होतं, आणि महापौर एब बीम यांच्या कारकिर्दीत अशी भानगड परवडणारी नव्हती. दंड ठरला १ डॉलर १० सेंट. मजल्यामागे एक सेंट.